तर, तम आणि तारतम्य

इंग्रजी व्याकरण शिकवितांना विशेषणाच्या तीन पायऱ्या सांगाव्या लागतात: साधी, त्याहून अधिकाची आणि सर्वांहून अधिकाची. संस्कृत वैयाकरणांनीं वरच्या दोन पायऱ्यांना 'तर' आणि 'तम' हे प्रत्यय देऊन ठेविले आहेत. आणि त्या प्रत्ययांच्या जोडींतून आपल्या भाषेला 'तारतम्य' हा एक फार मोलाचा शब्द मिळाला आहे. व्याकरणांतील तरतमभाव म्हणजे दोन वस्तूंमधील कमीअधिकपणा सांगण्याची रीत. व्यवहारांतील तारतम्य म्हणजे तो कमीअधिकपणा कोठें, किती आणि कोणत्या मर्यादेपर्यंत मानावा याची समज. पहिली गोष्ट शाळेंत आठ दिवसांत शिकवितां येते. दुसरी पुष्कळांना जन्मभर येत नाहीं. आणि कित्येक राज्यकर्त्यांना ती शतकभरांतही आली नाहीं, असें इतिहासावरून दिसतें.

हा विचार मनांत येण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. इंग्रजी निबंधलेखनाचा अभ्यास म्हणून आम्हीं वर्गांतील विद्यार्थ्यांस कोणत्याही दोन समाजांमधील भेदाचें वर्णन करण्यास सांगितलें होतें. वह्या तपासतां असें आढळलें कीं, व्याकरणाच्या चुका फारशा नव्हत्या. कोंकणांतील लोक देशावरील लोकांपेक्षां काटकसरी, शहरांतील लोक खेड्यांतील लोकांपेक्षां हुशार, अमक्या प्रांताचे लोक तमक्या प्रांताच्या लोकांपेक्षां शूर, अशीं वाक्यें एकामागून एक बिनचूक उतरलीं होतीं. प्रत्यय बरोबर, क्रियापद बरोबर. पण सगळे लोक कीं बहुतेक? किती अधिक? आणि हें कोणीं पाहिलें? या प्रश्नांना त्या चाळीस वह्यांत कोठेंही जागा नव्हती. तांबड्या शाईनें खूण करावी तर ती कोठें, हेंच आम्हांस कळेना. विचार करतां ध्यानांत आलें कीं, हीं वाक्यें या मुलांनीं रचलेलीं नाहींत. तीं त्यांच्या हातीं फार दुरून, जुन्या आणि वजनदार इंग्रजी ग्रंथांतून आलीं आहेत. त्या ग्रंथांची थोडी हकीकत सांगावी, असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम व्याकरणाचीच एक बाब पाहूं. दोन समूहांची तुलना करणाऱ्या प्रामाणिक वाक्यास चार अवयव लागतात: कोणता गुण, कोणापेक्षां, कितीनें, आणि समूहांतील किती जणांस तें विधान लागू. मराठींत तुलनेचा सारा भार 'पेक्षां' किंवा 'हून' या शब्दावर असतो. विशेषण स्वतः बदलत नाहीं. 'राम गोविंदापेक्षां उंच आहे' या वाक्यांतून 'गोविंदापेक्षां' काढून टाकलें, कीं तुलनाच नाहींशी होते. इंग्रजीची गोष्ट वेगळी. तेथें तुलनेचा प्रत्यय विशेषणाच्याच अंगास चिकटतो, अथवा 'मोअर' हा शब्द त्याच्या आधीं उभा राहतो. म्हणून 'दॅन' आणि त्यापुढील नांव गळालें तरी तुलनेचा वास मागें राहतो. 'लोअर क्लासेस', 'हायर कास्ट्स', 'हार्डियर रेसेस' हे शब्दप्रयोग घ्या. खालचे कोणाहून, वरचे कोणाहून, काटक कोणाहून, हें विचारण्याची सोयच तेथें राहत नाहीं. दोरीचें एक टोंक सुटलेलें असतें, तरी माप घेतल्याचा आव मात्र कायम असतो.

याच भाषेनें मर्यादा घालणारे शब्दही विपुल दिले आहेत: 'समव्हॉट', 'रादर', 'ऑन दि होल', 'ॲज अ रूल', 'फॉर दि मोस्ट पार्ट'. कांहींसें, जरासें, एकंदरींत, बहुधा, बहुतांशीं, असे हे शब्द आहेत. शहाणा इंग्रज ग्रंथकार आपल्या घरच्या गोष्टी लिहितांना हे शब्द मिठासारखे वापरतो. थोडे, पण न चुकतां. परक्या लोकांविषयीं लिहितांना ते एकेक करून कसे गळत गेले, आणि ते गळाल्यामुळें काय काय झालें, तें पाहण्यासारखें आहे.

जेम्स मिल याचा ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास १८१७ सालीं प्रसिद्ध झाला. मिल हिंदुस्थानांत कधीं आला नव्हता व येथील भाषा त्यास अवगत नव्हत्या. आणि ही उणीव नसून उलट निःपक्षपाती निर्णयास सोयीचीच गोष्ट आहे, असा त्यानें प्रस्तावनेंत युक्तिवाद केला आहे. त्यानें सुधारणेची एक शिडी कल्पिली, आणि हिंदु लोक तिच्या कोणत्या पायरीवर आहेत हें ठरविण्यासाठीं त्यांचें काव्य, कायदा, ज्योतिष, धर्म, सारें त्या शिडीला लावून मोजलें. शिडीच्या वरच्या टोंकास कोण उभें आहे, हें निराळें सांगण्याची त्यास गरज वाटली नाहीं. हेलीबरीच्या ज्या कॉलेजांत कंपनीचे तरुण मुलकी नोकर तयार होत, तेथें हें पुस्तक वाचलें जाई. पुढें १८४० पासून होरेस हेमन विल्सन या संस्कृतज्ञ पंडितानें त्याची नवी आवृत्ति काढली, तेव्हां त्यास ठिकठिकाणीं तळटीपा देऊन मिलचीं विधानें आंवरावीं लागलीं. वर मोठ्या अक्षरांत सरसकट निर्णय; खालीं बारीक अक्षरांत, हें सर्वांस लागू नाहीं, हें सर्व काळीं खरें नव्हतें, अशा अर्थाची दुरुस्ती. मिलनें गाळलेलीं क्रियाविशेषणें विल्सननें तळघरांत आणून बसविलीं, असें म्हणावयास हरकत नाहीं. पण तळघरांत उतरणारे वाचक थोडे.

सर्वच ग्रंथकार मिलसारखे नव्हते. पेशवाई बुडाल्यावर दक्षिणेंतील मुलुखाची व्यवस्था लावणारे आणि पुढें मुंबईचे गव्हर्नर झालेले मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा हिंदुस्थानचा इतिहास १८४१ सालीं निघाला. लोकस्वभावाचें वर्णन करतांना ते आधीं थबकतात. इंग्रज माणसास येथील लोकांचा स्वभाव कळण्याची संधि वाटते तितकी मिळत नाहीं. खुद्द विलायतेंतही आपल्या वर्गापलीकडील माणसांची माहिती थोड्यांसच असते. आणि न्यायाधीश, पोलिसांचे अधिकारी, जकातीचे अधिकारी यांच्यापुढें समाजाचा जो भाग येतो तो कांहीं त्यांतला उत्तम भाग नव्हे, अशी सूचना ते देतात. याच ग्रंथांत रजपूत आणि मराठे यांची प्रसिद्ध तुलना आहे. रजपुतास ते मान आणि डौल देतात, पण त्याबरोबर आळसही देतात; मराठ्याकडून डौल काढून घेतात, पण उद्योग, चिकाटी आणि व्यवहारज्ञान त्याच्या पदरांत टाकतात. ही तुलना मराठी वाचकास झोंबते, कारण कार्य साधण्यापुढें मराठा साधनांचा फारसा विधिनिषेध बाळगीत नाहीं, असा तिचा रोख आहे. आणि सगळे मराठे असे होते काय, हा प्रश्न तेथेंही अनुत्तरितच राहतो. तथापि तिच्यांत दोरीचीं दोन्ही टोंकें लेखकाच्या हातांत आहेत. ज्यांच्याशीं तह केले, ज्यांच्याशीं लढाई झाली आणि ज्यांच्यामध्यें पुष्कळ वर्षें काढलीं, अशा माणसांविषयीं तो लिहीत आहे. अशा तुलनेशीं वाद घालतां येतो, आणि तुलनेच्या अंगचा हा गुण लहान नव्हे.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत 'एडिंबरो रिव्ह्यू' या त्रैमासिकांत मेकॉलेचा वॉरन हेस्टिंग्जवरील निबंध आला. कलकत्त्यास १७७५ सालीं फांशीं गेलेल्या महाराजा नंदकुमाराची ओळख करून देण्यासाठीं त्यांत मेकॉलेनें एक विलक्षण जिना बांधला आहे. त्याच्या पायऱ्यांवर इंग्रज, इटालियन, हिंदु, बंगाली आणि अखेरीस नंदकुमार असे एकाखालीं एक उभे केले असून, वरच्या पायरीचें खालच्या पायरीशीं जें प्रमाण तेंच पुढें चालवावें, अशी त्रैराशिकाची मांडणी आहे. मौज ही कीं, या मांडणींत विशेषण एकही नाहीं! कोणता गुण पायरीपायरीनें उतरत गेला, तें वाचकानें स्वतःच्या पूर्वग्रहाच्या पिशवींतून काढून घ्यावयाचें. ज्या राष्ट्राचीं कोट्यवधि माणसें मेकॉलेनें कधीं पाहिलींही नव्हतीं, तीं सारीं एका ओळींत एका पायरीवर बसलीं. आणि हाच निबंध आमच्या आधींच्या कित्येक पिढ्यांनीं इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून आदरानें वाचला. नमुन्याबरोबर संवयही अंगीं येते.

आतांपर्यंत ही तुलना कागदावर होती. १८५७ नंतर ती भाकरीवर आली. त्या सालापर्यंत बंगालच्या फौजेंत अयोध्या आणि बिहार या भागांतील उंचापुरा, उच्चवर्णीय पुरभय्या शिपाई उत्तम समजला जाई. त्या सालच्या उठावांत तोच पुढें होता. पुढील पिढींत लढाऊपणाचा मान शीख, गुरखे, पठाण आणि पंजाबी मुसलमान यांजकडे गेला. अयोध्येची माती बदलली नव्हती, तेथील माणसांची उंची बोटभरही कमी झाली नव्हती. बदलली होती ती मापणाऱ्याची गरज. लॉर्ड रॉबर्ट्स हे १८८१ पासून मद्रासचे आणि १८८५ ते १८९३ पर्यंत सर्व हिंदुस्थानचे सेनापति होते. वायव्य सरहद्दीवर रशियाशीं गांठ पडेल या चिंतेनें त्यांनीं मद्रास आणि मुंबई या इलाख्यांतील लोकांची भरती कमी करून उत्तरेकडील भरती वाढविण्याचें धोरण चालविलें. दीर्घकाळच्या शांततेमुळें दक्षिणेकडील शिपायांचें लढाऊ तेज मावळलें, असें कारण त्यांनीं १८९७ सालच्या आपल्या आत्मचरित्रांत दिलें आहे. एवढ्यापुरती ही तुलना वादाला तरी योग्य होती. कारण शांततेनें जें गेलें तें कवायतीनें आणि मोहिमेनें परत येऊं शकतें. पण त्याच ग्रंथांत, उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील पलटणींची तुलनाच होऊं शकत नाहीं, असाही त्यांचा निर्वाळा आहे. तुलना होऊं शकत नाहीं असें म्हणावयाचें, आणि त्याच तुलनेवर सर्व भरती ठरवावयाची! 'अधिक लढाऊ' यांतील 'अधिक' येथें गळून पडलें आणि 'लढाऊ' एवढेंच उरलें; जो त्या यादींत नाहीं तो न सांगतां भित्रा ठरला. पुढें सैन्यभरतीच्या अधिकाऱ्यांसाठीं जातवार पुस्तकें निघालीं. मराठे व दक्षिणी मुसलमान यांवरील मेजर बेथॅम यांचें पुस्तक १९०८ सालचें आहे. सर जॉर्ज मॅकमन यांचा ग्रंथ १९३३ सालीं निघाला, तेव्हां 'लढाऊ वंश' हें नांव त्याच्या मुखपृष्ठावरच जाऊन बसलें होतें.

याचा घाव महाराष्ट्रांत कोणावर बसला, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. कंपनीच्या मुंबईच्या फौजेंत महार शिपाई मोठ्या संख्येनें होते. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांव-भीमा येथें झालेल्या लढाईच्या स्मारकस्तंभावर 'नाक' हें पद शेवटीं असलेलीं त्यांचीं नांवें आजही वाचावयास मिळतात. ज्या समाजास गांवांत विहिरीवर पाणी मिळत नव्हतें, त्यास पलटणींत पगार, निवृत्तिवेतन, मुलांसाठीं शाळा आणि अंगावर इतरांसारखा गणवेश मिळाला. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे फौजेंत सुभेदार होते आणि फौजेच्या शाळेंत शिक्षकाचें काम करीत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ही वाट १८९० नंतरच्या दोनतीन वर्षांत बंद झाली. महारांची भरती थांबविण्यांत आली. त्यांच्या शौर्याची परीक्षा घेऊन तींत ते उतरले नाहींत, असें घडलें नव्हतें. फक्त यादी बदलली होती. फौजेंतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८९४ सालीं दापोलीहून याविरुद्ध अर्ज लिहिला; १९१० सालीं शिवराम जानबा कांबळे यांनीं भारतमंत्र्यांपर्यंत दाद मागितली. उत्तर आलें तें न्यायबुद्धीकडून नव्हे, तर युद्धाकडून. पहिल्या महायुद्धांत माणसें कमी पडूं लागलीं, तेव्हां १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलें आणि १९२१ सालीं ती मोडली. दुसऱ्या महायुद्धांत, १ ऑक्टोबर १९४१ रोजीं, बेळगांव येथें महार रेजिमेंट उभारण्यांत आली. त्या युद्धाच्या आरंभीं हिंदी फौज सुमारें २ लाखांची होती, ती अखेरीस २५ लाखांवर गेली. आणि इतक्या माणसांची गरज पडल्यावर लढाऊ आणि बिनलढाऊ हा भेद पाळणें कोणासच परवडेना. मराठा पलटणींचीही हीच कथा. रॉबर्ट्स यांच्या धोरणानें ज्यांचा भाव उतरला होता, त्यांनीं मेसोपोटेमियांत कामगिरी बजाविली, त्यांतील ११७ व्या पलटणीस 'रॉयल' हा किताब मिळाला, आणि भाव पुन्हां चढला. माणसें तींच, सह्याद्रि तोच. विशेषणाची पायरी मात्र गरजेप्रमाणें वर-खालीं होत होती.

लढाऊपणाच्या बाबतींत 'अधिक' गळालें, तर गुन्हेगारीच्या बाबतींत 'कांहीं' हा शब्द गळाला. एखाद्या भटक्या जमातींतील कांहीं माणसें चोऱ्या करतात, हें विधान खरें असूं शकतें. कोणत्याही जमातीविषयीं तें खरें असूं शकतें. परंतु १८७१ सालीं उत्तर हिंदुस्थानासाठीं झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें संबंध जमातच गुन्हेगार म्हणून जाहीर करण्याचा अधिकार सरकारास दिला, आणि १९११ च्या कायद्यानें तो देशभर पसरला. सोलापुरास तारेच्या कुंपणाच्या आंत जी वसाहत होती, तींत वाढलेल्या मुलांचा गुन्हा एवढाच कीं, एका वाक्यांत एक शब्द कमी होता. हा कायदा १९५२ सालीं रद्द झाला. शब्द परत आला. पण त्याच्या अभावीं जीं ऐंशी वर्षें गेलीं, तीं कोठून परत येणार?

येथपर्यंतचे लेखक निदान डोळ्यांनीं पाहून, अगर ऐकून, तुलना करीत. हर्बर्ट रिस्ले यांनीं तिला मोजपट्टीचा आधार दिला. १८९० च्या सुमारास बंगालमध्यें आणि अन्यत्र हजारों माणसांचीं डोकीं व नाकें मोजून त्यांनीं नासिकामान काढलें. नाकाच्या उंचीशीं त्याच्या रुंदीचें शेंकडा प्रमाण म्हणजे नासिकामान; तें ७० च्या खालीं असेल तर नाक सडपातळ, ८५ च्या वर असेल तर बसकें. रिस्ले यांचा सिद्धांत असा कीं, ज्या जातीच्या नासिकामानाची सरासरी कमी तिचा सामाजिक दर्जा वरचा, आणि जिची अधिक तिचा खालचा. पुढें ते १९०१ च्या खानेसुमारीचे मुख्य अधिकारी झाले, तेव्हां निरनिराळ्या प्रांतांतील जाती सामाजिक श्रेष्ठतेच्या क्रमानें मांडण्याचें काम खानेसुमारीच्या खात्याकडे आलें. परिणाम काय झाला? आपली जाति शेजारच्या जातीहून वरची लिहावी, असे अर्ज चोहोंकडून सुरू झाले. १९११ सालीं एकट्या बंगालमध्यें आलेल्या अशा अर्जांचें वजन दीड मण भरलें, अशी नोंद त्या खानेसुमारीच्या अहवालांत आहे. तुलनेचा शब्द किती जड असतो, याचें इतकें अचूक वजन दुसरें कोणीं केलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

येथें 'सरासरी' या उपपदाची गंमत पाहण्यासारखी आहे. एका जातीची सरासरी दुसरीहून दोन अंकांनीं अधिक, एवढें म्हटल्यानें त्या जातींतील अमुक माणसाविषयीं कांहींच सांगितलें जात नाहीं. कारण एकाच जातींतील, किंबहुना एकाच घरांतील, दोन माणसांच्या नाकांत त्याहून कितीतरी मोठा फरक असूं शकतो. दोन समूह म्हणजे एकापासून दूर उभ्या केलेल्या दोन भिंती नव्हेत. ते एकमेकांत मिसळलेल्या दोन प्रवाहांसारखे असतात. सरासरी हा शब्द जोंपर्यंत वाक्यांत आहे, तोंपर्यंत विधान शास्त्राचें; तो गाळला कीं तेंच विधान शिवीचें होतें. ही चूक उघड करण्याचें काम हिंदी विद्वानांनीं इंग्रजींतूनच केलें, हें आनंदानें नमूद करावेंसें वाटतें. मुंबई विश्वविद्यालयांतील समाजशास्त्राचे प्राध्यापक डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं १९३२ सालच्या आपल्या ग्रंथांत रिस्ले यांच्याच आंकड्यांची फेरतपासणी केली, आणि नासिकामान व जातींचा दर्जा यांचा तो मेळ संयुक्त प्रांतापलीकडे बसत नाहीं, असें दाखविलें. पुढच्याच वर्षीं कलकत्त्यास प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं रिस्ले यांच्या बंगालमधील मापांचें संशोधन प्रसिद्ध केलें. आणि दोन समूहांमधील अंतर अनेक मापें व त्यांतील चढउतार एकत्र जमेस धरून कसें काढावें, याचें जें सूत्र त्यांनीं १९३६ सालीं मांडलें, तें आज जगभर त्यांच्या नांवानें चालतें. 'कोणापेक्षां, कितीनें, किती जण' या तिन्ही प्रश्नांस एकाच वेळीं बांधून घेणारें तें सूत्र आहे. गणितांतलें तारतम्य म्हणतात तें हेंच.

यावरून कोणी असें म्हणेल कीं, मग समूहांची तुलना करूंच नये. हें आम्हांस मान्य नाहीं. तुलना केली नाहीं तर अन्यायही दिसावयाचा नाहीं. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं २६ जुलै १९०२ रोजीं जो जाहीरनामा काढला, त्यांत मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम आहे. 'मागासलेला' हा शब्दही तुलनेचाच. कोणाच्या तरी मागें. पण त्या हुकुमानें दोरीचें दुसरें टोंक सोडलेलें नाहीं. ब्राह्मण, प्रभु, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे ते मागासलेले, अशी त्यांत व्याख्याच दिली आहे. कोणाच्या मागें, हें सांगितलें. किती मागें, हें दरबारच्या नोकऱ्यांची यादी पाहून कोणासही मोजतां आलें असतें. १९२७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत शिक्षणावरील खर्चाविषयीं बोलतांना डॉ. आंबेडकरांनीं हीच शिस्त पाळली. पुढारलेले हिंदु, मध्यम वर्ग, मागासलेले वर्ग आणि मुसलमान अशी सरकारनेंच केलेली वर्गवारी घेऊन, कोणत्या वर्गाची लोकसंख्या किती आणि त्यांतून कॉलेजांत पोंचलेले विद्यार्थी किती, हें त्यांनीं आंकड्यांनीं समोर ठेविलें. तेथें बुद्धि, शौर्य, स्वभाव यांपैकीं एकाही गुणाचें नांव घ्यावें लागलें नाहीं. ज्या भाषेनें एका शतकांत या लोकांना खालच्या पायरीवर बसविलें, त्याच भाषेचा तोच तरतमभाव पूर्ण उच्चारला असतां न्यायाचें साधन झाला. दोष इंग्रजीचा नव्हे; अर्धवट उच्चारलेल्या वाक्याचा आहे.

आणि दोष केवळ इंग्रजांचाही नव्हे. मराठींत 'पेक्षां' काढलें कीं तुलना नाहींशी होते, असें आम्हीं वर म्हटलें. तें विशेषणांच्या रूपांपुरतें खरें आहे. परंतु 'श्रेष्ठ', 'कनिष्ठ', 'वरिष्ठ', 'ज्येष्ठ' हे शब्द पाहावे. संस्कृतांत हीं सारीं तमभावाचीं, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीचीं, रूपें होत. मराठींत येतां येतां त्यांचीं टोंकें झिजलीं, आणि तीं साधीं विशेषणें होऊन बसलीं. इतकीं कीं, 'सर्वश्रेष्ठ' आणि 'श्रेष्ठतम' असे दुहेरी शब्द करतांना आपल्याला कांहीं वावगें वाटत नाहीं. कनिष्ठ जाति म्हणतांना, कोणाहून कनिष्ठ, कोणत्या बाबतींत आणि कोणाच्या मापानें, हें विचारल्यावांचून आपण कित्येक शतकें काढलीं. रिस्ले यांनीं क्रमवार याद्या मागविल्या हें खरें. पण त्या याद्या भरून देणारे हात आणि दीड मण अर्ज लिहिणारे हात आपलेच होते. विलायतेहून मोजपट्टी आली तेव्हां ती ठेवावयास खुंटी घरांत आधींच होती.

त्या चाळीस वह्या आम्हीं गुण न देतां परत केल्या. प्रत्येक वाक्याच्या समासांत तीनच प्रश्न लिहिले: कोणापेक्षां? कितीनें? किती जण? आठ दिवसांनीं वह्या पुन्हां आल्या. पुष्कळांनीं 'जनरली' हा एक शब्द घालून सुटका करून घेतली होती, आणि त्यांना दोष देववत नाहीं. मोठमोठ्या ग्रंथकारांनींही तेवढेंच केलें आहे. एका मुलानें मात्र, कोंकणांतील लोक काटकसरी असतात, हें आपलें मूळचें वाक्य खोडलें होतें. त्याच्या जागीं त्यानें लिहिलें होतें कीं, तो ज्या चाळींत राहतो तेथें कोंकणांतून आलेलीं सात कुटुंबें आहेत. त्यांपैकीं पांच कुटुंबें दरमहा गांवीं पैसे पाठवितात, म्हणून शेजारच्या देशावरील कुटुंबांपेक्षां त्यांचा घरखर्च कमी दिसतो. तीं जात्या काटकसरी आहेत कीं काय, हें त्यास ठाऊक नाहीं. वाक्य लांबलें होतें, क्रियापदाची एक चूकही झाली होती, आणि पूर्वीच्या वाक्याचा डौल पार गेला होता. आम्हीं ती चूक दुरुस्त केली आणि त्या वहीस पूर्ण गुण दिले.